सन्मान बचत पत्राची मुदत भरली, आता आईचे पैसे कुठे ठेवायचे?

केंद्र सरकारची 'महिला सन्मान बचत पत्र' योजना १ एप्रिल २०२३ ला सुरू झाली आणि ३१ मार्च २०२५ नंतर नव्या खात्यांसाठी बंद झाली. दोन वर्षांची मुदत, साडेसात टक्के व्याज, कमीत कमी १,००० आणि जास्तीत जास्त २ लाख रुपये. खाते फक्त बाईच्या किंवा मुलीच्या नावाने. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपल्या वस्त्यांमध्येही ही खाती निघाली. कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामातले पैसे ठेवले, कुणी अंगणवाडीच्या मानधनातले, कुणी नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिळालेले.

या खात्यांची मुदत एप्रिल २०२५ पासून भरू लागली. शेवटच्या दिवशी उघडलेले खाते ३१ मार्च २०२७ ला पूर्ण होईल. म्हणजे या काळात दर महिन्याला कुणाच्या तरी आईचे, मावशीचे, वहिनीचे पैसे मोकळे होत आहेत. योजना वाढवली गेली नाही, त्यामुळे त्याच दराने पुन्हा तिथेच ठेवण्याची सोय नाही. आता पुढे काय, हा प्रश्न घरोघरी आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला विचारले जाते. तो पोरगा किंवा ती पोरगी म्हणजे हा लेख वाचणारे आपणच.

काही न करण्याची किंमत

एक लाख रुपये ठेवले असतील तर दोन वर्षांनी १,१६,०२२ रुपये होतात. ५० हजारांचे ५८,०११. ही रक्कम आपोआप पुन्हा गुंतवली जात नाही. पोस्टात पासबुक आणि खाते बंद करण्याचा अर्ज द्यावा लागतो, मग पैसे बचत खात्यात येतात. साडेसात टक्क्यांचा करार तिथे संपतो.

पुढचे नुकसान हळूहळू होते, म्हणून दिसत नाही. पैसे 'सध्या राहू दे' म्हणून बँकेच्या साध्या बचत खात्यात पडून राहतात. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून २०२५ पासून अडीच टक्के आहे. १,१६,००० रुपयांवर वर्षाला साधारण २,९०० रुपये. हेच पैसे पोस्टाच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीत ६.९ टक्क्यांनी ठेवले तर साधारण ८,२०० रुपये. फरक वर्षाला ५,३०० रुपयांचा. अकरावी-बारावीच्या मुलीची पुस्तके आणि बसचा पास एवढ्यात निघतो.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांची चिंता रुपयाच्या स्थिर मोलाची होती. महागाई वाढली की हातातला रुपया तोच दिसतो, पण त्यात येणारे तांदूळ कमी होतात. डब्यात ठेवलेली नोट चोरीला गेली नाही तरी ती रोज थोडी थोडी कमी होत असते.

दर विचारण्याआधी

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'टक्के किती?' फसवणारेही त्याच प्रश्नाचे उत्तर घेऊन येतात. माझ्या मते दराचा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी चार प्रश्न विचारायला हवेत: डोक्यावर महाग कर्ज आहे का, पैसे कधी लागणार, परत देण्याची हमी कोणाची, आणि खाते कोणाच्या नावाने राहणार.

यात नवे काही नाही. अंगुत्तर निकायातल्या व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाने कष्टाने मिळवलेल्या धनाचे रक्षण करावे असे सांगितले आहे. त्या रक्षणाला 'आरक्ख संपदा' म्हटले आहे. धनाला असलेले धोकेही तिथे मोजले आहेत: राजा, चोर, आग, पूर आणि नावडते वारस. आजच्या भाषेत चोर म्हणजे जादा टक्क्यांचे आमिष दाखवणारी कंपनी, आणि नावडते वारस म्हणजे बाईच्या पैशांवर डोळा ठेवून बसलेले नातेवाईक. त्याच सुत्तात कल्याणमित्राची संगत हीसुद्धा एक संपदा मानली आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पहिला प्रश्न: कर्ज आहे का?

ज्या बाईची ठेव आहे तिच्याच डोक्यावर बऱ्याचदा फायनान्स कंपनीचे गटकर्जही असते. हप्तेवाला दर आठवड्याला किंवा महिन्याला दारात येतो. या कर्जांचे दर बहुतेक २० ते २६ टक्क्यांच्या दरम्यान असतात. गावात शेकडा दोन रुपये महिना म्हणतात, तेही वर्षाचे २४ टक्केच होतात.

आता हिशेब सोपा आहे. शंभर रुपये ठेवीत ठेवले तर वर्षाला सात मिळतात. शंभर रुपयांचे कर्ज तसेच ठेवले तर चोवीस जातात. म्हणून महाग कर्ज असेल तर मोकळ्या झालेल्या पैशातून आधी ते फेडावे. देशातली कोणतीही सुरक्षित ठेव याहून जास्त फायदा देणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्मवित्त कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. कंपनीचा माणूस काहीही सांगो, खाते बंद केल्याचा कागद मागून घ्यावा.

महिला बचत गटामार्फत बँकेकडून सवलतीच्या दराने मिळालेले कर्ज मात्र वेगळे. त्याचा दर ठेवीच्या दराजवळच असतो. ते फेडण्याची घाई नको.

दुसरा प्रश्न: पैसे कधी लागणार?

शहरातला पगारदार माणूस महिन्याच्या हिशेबाने जगतो. आपल्या जिल्ह्यांत वर्ष हंगामावर चालते. मार्च-एप्रिलात मोहफूल, एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्ता, जूनमध्ये बियाणे आणि शाळेचे प्रवेश, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, मग धान घरात येईपर्यंत हातात काही नसते. पावसाळ्यात मलेरिया, तापाचे आजार आणि दवाखाना. भामरागडसारख्या भागात पुरामुळे रस्ता बंद झाला की बँक कागदावरच राहते.

म्हणून ज्या ठेवीतून पाच वर्षे पैसे निघत नाहीत, तिथे सगळी रक्कम टाकणे धोक्याचे आहे, मग दर कितीही चांगला असो. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, ज्याला आपण एनएससी म्हणतो, त्यावर ७.७ टक्के मिळतात, पण खातेदाराचा मृत्यू किंवा न्यायालयाचा आदेश अशी मोजकी कारणे सोडली तर पाच वर्षांआधी ते मोडता येत नाही. पोस्टाची पाच वर्षांची मुदत ठेव चार वर्षांआधी मोडता येत नाही, आणि चार वर्षांनंतर मोडली तर साध्या बचत खात्याचाच दर मिळतो. ऑगस्टमध्ये घरात आजारपण आले, ठेव निघेना, म्हणून सावकाराकडे जावे लागले, तर त्या ७.७ टक्क्यांचा काय उपयोग?

सन्मान बचतीत एक वर्षानंतर ४० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येत होती. ही सवय झालेल्या बाईला नव्या ठेवीत तशी सोय नाही, हे आधीच सांगायला हवे.

तिसरा प्रश्न: हमी कोणाची?

पोस्टातल्या बचत योजनांमागे केंद्र सरकारची हमी आहे. रक्कम कितीही असो, सगळीच सुरक्षित.

बँकांमध्ये ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत. सरकारी बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि नागरी सहकारी बँक या सगळ्यांना हे लागू आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तर दोन विमे मिळत नाहीत, दोन्ही मिळून ५ लाखच. ज्यांचे खाते विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होते त्यांनी घाबरू नये. १ मे २०२५ पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. नाव बदलले, ठेव कायम आहे.

पतसंस्था ही बँक नाही. पाटीवर 'सहकारी' लिहिलेले असते, काउंटर असतो, पासबुक असते, पण ठेव विमा महामंडळाचे ५ लाखांचे संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नाही. अनेक पतसंस्था प्रामाणिकपणे चालतात हे खरे. तरीही बुडाल्यास पैसे कोण देणार, याचे उत्तर तिथे वेगळे आहे. 'मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी'लाही हेच लागू. पोस्टापेक्षा तीन-चार टक्के जास्त का मिळतात, याचे कारण या जोखमीतच आहे.

यापलीकडे आहेत त्या कंपन्या, ज्या ठेव घेण्याची परवानगी नसताना गोळा करतात. पर्ल्स म्हणजे पीएसीएल कंपनीने जमिनीच्या नावाखाली देशभरातल्या साध्या माणसांकडून पैसे घेतले. २०१४ मध्ये सेबीने ४९,००० कोटींहून जास्त रक्कम परत करण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली, आणि लोक कित्येक वर्षे पावत्या घेऊन फिरत राहिले. सहाराच्या चार सहकारी संस्थांमध्ये अडकलेल्या ठेवी परत देण्यासाठी जुलै २०२३ मध्ये सरकारला वेगळे पोर्टल काढावे लागले.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान असते. पैसे मागायला अनोळखी माणूस येत नाही. येतो तो पाहुणा, शाळेतला शिक्षक, जातभाई, कधी विहाराच्या कमिटीतलाच माणूस. समाजशास्त्रात विश्वासाला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्या वस्तीने ते भांडवल एकमेकांच्या अडीअडचणीला उभे राहून, पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने जमवले आहे. एजंट तेच वापरून दारात येतो. 'आपलाच माणूस आहे' हे नात्याचे प्रमाण झाले, ठेवीची हमी नव्हे. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर संस्थेची माहिती पाहता येते आणि तक्रारही करता येते.

चौथा प्रश्न: नाव कोणाचे?

मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सन्मान बचत पत्रात संयुक्त खाते नव्हतेच. त्यामुळे अनेक घरांत पहिल्यांदाच बाईच्या एकटीच्या नावावर मोठी रक्कम जमा झाली. मुदत भरल्यावर ती तशीच राहील याची खात्री नाही. पैसे मोकळे झाले की मोटारसायकलचे डाउन पेमेंट, पुतण्याचे लग्न, घराचा स्लॅब अशा मागण्या रांगेत उभ्या राहतात. त्यातल्या काही रास्तही असतात. पण निर्णय तिचा असायला हवा.

बाईच्या मालमत्तेच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले, तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपल्या घरांत आईची ठेव तिला न विचारता बाबांच्या किंवा भावाच्या खात्यात जात असेल, तर जयंतीच्या भाषणाला अर्थ उरत नाही.

नवे खाते काढताना दोन गोष्टी पाहाव्यात. खाते शक्यतो तिच्या एकटीच्या नावाने, आणि वारस म्हणजे नॉमिनीचे नाव तिने स्वतः सांगितलेले. संयुक्त खाते काढायचेच असेल तर प्रकार विचारून घ्यावा. पोस्टात 'जॉइंट ए' मध्ये पैसे काढायला सगळ्या खातेदारांची संमती लागते, 'जॉइंट बी' मध्ये कुणीही एकटा काढू शकतो. फॉर्मवरच्या एका खुणेने हा फरक पडतो.

आता दर

पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करते. खालचे दर जानेवारी २०२४ पासून २०२५ च्या अखेरपर्यंत बदललेले नाहीत. जाण्याआधी त्या तिमाहीचा दर एकदा विचारून घ्यावा.

• बचत खाते: ४ टक्के. हवे तेव्हा पैसे.
• मुदत ठेव: १ वर्ष ६.९, २ वर्षे ७, ३ वर्षे ७.१, ५ वर्षे ७.५ टक्के. पहिल्या तीन प्रकारांत सहा महिन्यांनंतर मोडता येते, व्याज कमी होते.
• राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र: ५ वर्षे, ७.७ टक्के. ५० हजारांचे साधारण ७२,४५० होतात.
• मासिक उत्पन्न योजना: ५ वर्षे, ७.४ टक्के. एक लाखावर महिन्याला साधारण ६१७ रुपये. एक वर्षानंतर मोडता येते, पण मुद्दलातून कपात होते.
• ज्येष्ठ नागरिक बचत योजना: वय ६० पूर्ण असल्यास ८.२ टक्के. एक लाखावर दर तीन महिन्यांनी २,०५० रुपये.
• सुकन्या समृद्धी: १० वर्षांखालील मुलीच्या नावाने, ८.२ टक्के. वर्षाला कमीत कमी २५० रुपये.
• आवर्ती ठेव म्हणजे आरडी: ५ वर्षे, ६.७ टक्के. महिन्याला १,५०० भरले तर ९० हजारांचे सुमारे १ लाख ७ हजार.

मुदत ठेव, प्रमाणपत्र, मासिक उत्पन्न आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे टाकले त्या दिवशीचा दर पूर्ण मुदतीसाठी पक्का राहतो. हे ध्यानात घेण्याचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने सव्वापाचवर आणला, आणि त्याबरोबर बँकांचे ठेवीचे दरही उतरले. स्टेट बँकेची एक वर्षाची ठेव २०२५ च्या उत्तरार्धात सव्वासहा टक्क्यांवर होती. म्हणजे या काळात पोस्ट बँकेपेक्षा पुढे राहिले. हा फरक कायम राहील असे मात्र धरू नये.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. पोस्टमन मोबाईलवर अंगठा घेऊन उघडून देतो ते इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते वेगळे, आणि डाकघर बचत खाते वेगळे. पेमेंट्स बँकेचा व्याजदर ४ टक्क्यांहून कमी आहे आणि तिथे २ लाखांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही. दोन्हींची पासबुके किंवा कार्डे समोर ठेवून कोणते कोणते आहे ते ओळखून घ्यावे.

एक उदाहरण

समजा, एका बाईला १,१६,००० रुपये मिळाले. वय ४८, थोडी धानशेती, एक मुलगी बारावीला, महाग कर्ज नाही. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असा उपदेश आहे: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी राखून. हे प्रमाण जसेच्या तसे आज लावण्याची गरज नाही. सगळे एका ठिकाणी न ठेवता वेगवेगळ्या कामांसाठी वेगळे काढावे, एवढे घेतले तरी पुरे.

तिच्यासाठी मी अशी वाटणी सुचवेन. २६,००० रुपये पोस्टाच्या बचत खात्यात, दवाखाना आणि रोवणीसाठी. वर्षाला साधारण १,०४० रुपये व्याज. ४०,००० रुपये एक वर्षाच्या मुदत ठेवीत, मुलीच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी. वर्षाअखेर २,८३२ रुपये व्याज. उरलेले ५०,००० बचत प्रमाणपत्रात, पाच वर्षे हात न लावण्यासाठी. मुदत ठेव २०-२० हजारांची दोन खाती करून घेतली तर गरज पडल्यास एकच मोडावी लागेल.

वय ६० च्या पुढे असेल तर प्रमाणपत्राऐवजी ज्येष्ठ नागरिक योजना. घरात लहान नात असेल तर थोडे सुकन्येत, तिच्या आईवडिलांमार्फत. एवढ्या रकमांवरच्या व्याजावर करकपातीची चिंता नाही. एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या व्याजावर बँक किंवा पोस्ट कर कापत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुवर्तन दिनाला आपण मोठ्या संख्येने जमतो. विहारात पौर्णिमेला वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन चालते. यातल्या एका संध्याकाळी अर्धा तास काढून वस्तीतल्या बायकांच्या ठेवींच्या तारखा एका वहीत लिहून घ्याव्यात. नाव आणि मुदतीची तारीख, बास. रक्कम विचारू नये, पासबुक ठेवून घेऊ नये, ओटीपी किंवा पिन कधीही मागू नये. तारीख महिन्याभरावर आली की त्या बाईला आठवण द्यावी. ती म्हणाली तर सोबत जावे. पासबुक, आधार, पॅन आणि बचत खात्याचे पासबुक बरोबर घ्यावे. शाखा डाकघरातून कागद मोठ्या डाकघरात जाऊन येण्यात दिवस जातात, म्हणून प्रवेशाच्या किंवा पेरणीच्या तोंडावर न जाता आधी जावे.

आणि कुठल्याही योजनेचे कमिशन घेणाऱ्याने सल्लागार होऊ नये. कल्याणमित्र आणि एजंट या दोन भूमिका एका माणसात राहिल्या की वस्तीला त्यातला फरक कळत नाही, आणि नुकसान झाल्यावर विहारावरचाच विश्वास जातो.

फॉर्म कुणीही भरून देईल. त्यावर सही किंवा अंगठा करण्याआधी पैसे कुठे चालले, कधी परत मिळणार आणि कोणाच्या नावाने राहणार, हे त्या बाईला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. तेवढे झाले की आपले काम झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!